बारा बोड्या

दर गुरुवारी, मिलवरून धानाचा शेवटचा ट्रॅक्टर गेला की
कवठाटोल्याच्या राइस मिलमागच्या खोलीत
आम्ही चौघं बसतो.
कोंड्याचा वास, एकच बल्ब,
स्टीलच्या डब्यात हेमकृष्णच्या मावशीचे
लाखोळीचे वडे.

गाइड नागपूरला. रेंज पाण्याच्या टाकीवर चढल्यावर.
म्हणून नियम आमचा आम्हीच केला :
ज्याचं काम मांडलंय, त्यानं अर्धा तास
तोंड उघडायचं नाही.
वड्यासाठीसुद्धा नाही, असं दुर्वास म्हणतो
आणि आठवड्यातून तेवढंच हसतो.

त्या दिवशी पाळी माझी.
बारा बोड्या, दोन पावसाळे,
चतुरांच्या एकोणीस जाती,
आणि आलेखात चढत गेलेली एक रेघ,
तिच्या डोक्यावर चांदणीची खूण
नवरीच्या बाशिंगासारखी.

ओमेश्वरी बराच वेळ नकाशा फिरवत राहिली.
ती वाळवीवर काम करते, घाई तिला माहीत नाही.
मग तिनं पेन्सिल पहिल्या बोडीवर टेकवली
आणि न उचलता
बाराव्यापर्यंत नेली.
"पाट एकच आहे ना वं?
मंग ह्या बारा काहून?
एकच बोडी तू बारा खेपा मोजली."

मी नियम मोडला. बोलले. पुष्कळ बोलले.
पाळी वेगळ्या, मालक वेगळे, सातबारे वेगळे...
"चतुर सातबारा वाचते का?" हेमकृष्ण म्हणाला
आणि लगेच त्यानं जीभ चावली.

रात्री परत जाताना
चौथ्या बोडीच्या तोंडाशी सायकल आडवी केली.
पळसाचं एक पान पाटात सोडलं
आणि टॉर्च धरून त्याच्यासोबत चालत राहिले,
ते कुठेतरी अडकावं अशी वाट बघत.
धुऱ्याखालच्या गवतात ते अडकलंही.
मी थांबले. काडीनं ढकललं नाही,
पण धरूनही ठेवलं नाही.
ते आपणच सुटलं.
अकरा मिनिटांनी पाचव्या बोडीत.

पुढल्या गुरुवारी नकाशा पुन्हा पसरला,
बारा खोडून तिथं एक लिहिलं.
शाबास कोणी म्हटलं नाही.
दुर्वासनं डबा माझ्याकडे सरकवला.
ओमेश्वरीनं विचारलं,
उन्हाळ्यात पाटाला पाणी असतं का?
मला माहीत नव्हतं.
उन्हाळ्यात मी कधी गेलेच नव्हते.

"आमच्या टोल्याच्या वरच्या अंगाला एक आहे,"
हेमकृष्ण म्हणाला, "पाट तिथं चढत नाही.
गाळ लई. म्हशीबी जात नाहीत."
नाव काय तिचं?
नाव नाही.

वहीत तिच्यापुरती एक ओळ कोरी सोडली
आणि वही मिटली,
कारण आता पाळी दुर्वासची होती,
तो ओठ मिटून बसला होता
आणि त्याच्या पहिल्याच पानावर
मला एक रेघ दिसत होती,
जरा जास्तच सरळ.