पाठ सातवा

खानापुरात रात्री साडेदहानंतरच रेकॉर्डिंग जमतं.
लोंढ्याकडची गाडी गेली,
कौलांच्या कारखान्याचा भोंगा होऊन गेला,
की मी दोन वाकळा खिडकीवर टांगतो
आणि फोनपुढं बसून म्हणतो : नमस्कार, पाठ सातवा.

समोर कुणी नाही.
समोर बत्तीस जण आहेत.
येळ्ळूरचा भरमाण्णा, बैलहोंगलची नागरत्ना,
संकेश्वरच्या स्टँडमागं पंक्चर काढणारा रेहमत मुल्ला.
एकाचंही तोंड पाहिलेलं नाही,
गळे तेवढे ओळखतो.

वहीत बाण काढा, मी सांगतो,
वाक्याच्या शेवटच्या शब्दावर.
हो-नाहीचा प्रश्न : बाण वर.
व्हेअर आर यू गोइंग : बाण खाली.
नागरत्नाचा लगेच निरोप,
सर, प्रश्न असून खाली कसा?
आमच्यात असं विचारलं
तर समोरच्याला वाटतं, हिला सगळं आधीच कळलंय.

भरमाण्णाचं प्रत्येक वाक्य चढावर थांबतं,
घाटात बंद पडलेल्या टेम्पोसारखं.
माय नेम इज भरमाण्णा,
जणू खरं का ते मीच सांगायचंय.
रेहमत उलटा,
नाव सांगतो ते पान्हा खाली टाकल्यासारखं.

मग आली शेपटी. इझन्ट इट.
ठाऊक असेल तर खाली सोडा, नसेल तर वर न्या.
सरावाला वाक्य दिलं, फारसा विचार न करता :
धिस इज अवर प्लेस, इझन्ट इट?
दोन्ही तऱ्हेनं म्हणून पाठवा.

एकतीस जणांचं आलं. गुण दिले.
नंदगडच्या मलप्रभा गुरवचं आलं चौथ्या दिवशी.
मागं काजू फोडायचं यंत्र, कट्, कट्,
आणि दोघी बायका, एक कन्नडात, एक मराठीत,
भांडत होत्या का हसत होत्या, कळेना.
मलप्रभा वर गेली, नीट. खाली आली, नीट.
मग थांबली. यंत्र चालूच.
मग म्हणाली, सर,
आमच्या मुकादमबाईंना कुणी विचारलं ना,
तुम्ही इकडच्या का तिकडच्या,
तर त्या मान वर न करता म्हणतात,
इथलंच की.
ते वर पण जात नाही, खाली पण येत नाही.
त्याला बाण कुठला काढू?

माझ्या तक्त्यात दोनच चौकोन आहेत.
दहापैकी दहा लिहिले,
समासात एक आडवी रेघ ओढली, ती खोडली,
पुन्हा ओढली.
वाकळा काढल्या. खिडकी उघडली.
फोन बंद ठेवून चार-सहादा म्हणून पाहिलं :
इथलंच की. इथलंच की.
माझं दर वेळी कुठंतरी कलत होतं.

समोरच्या कट्ट्यावरून शिवलिंगप्पांचा आवाज आला,
कुणासंगं बोलालायसा, मास्तर.
प्रश्न होता,
आणि स्वच्छ खाली आला होता.