लेइदा

आमच्या एस्टोनियन भाषेत लेइदा म्हणजे सापडणं.
बायकांचं जुनं नावही आहे ते.
म्हणून काल रात्रभर दलदलीत
आम्ही एकाच हाकेत दोन्ही ओरडत होतो.

ऐंशीची बाई, क्रॅनबेऱ्या वेचायला गेलेली,
लाल बादली, पायात लेकाचे रबरी बूट.
उर्मासनं आईच्या उशीचा अभ्रा आणला
काचेच्या बरणीत, झाकण घट्ट लावून.
दोनदा धुतलेली बरणी,
तरी काकडीच्या लोणच्याचा वास येत होता.
पोंतूनं तो बाजूला केला,
खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचलून
आपण बसतो ना, तसा.
मग खालचा वास घेतला. तिचा.

माणूस सारखा सांडत असतो,
बसल्या जागी, चालता चालता,
चाळणीतून पीठ भुरभुरावं तसा.
वारा ते नेतो, आणि रात्री गारठा पडला
की खोलगट जागी ते साचून राहतं.
मी पावडरची डबी हलवते. पावडर पूर्वेला जाते.
पोंतू नाक वर करून आडवा चालतो,
पुन्हा आडवा.

तिसऱ्या चराशी त्याची मान झटकन वळली.
मी श्वास धरला.
वीस पावलं.
मग काहीच नाही. त्यानं मागे वळून
माझ्याकडे पाहिलं, चूक माझी असल्यासारखं.

नकाशावरचा चौकोन मी पेन्सिलनं भरला.
इथे नाही, हेही लिहावं लागतं.

उजाडलं. कुत्र्याला रिकाम्या नाकानं
घरी न्यायचं नसतं,
पुढच्या वेळी ते नाक मनापासून शोधत नाही.
कुणीतरी लपावं लागतं.
एरवी अग्निशमन दलातला एखादा पोरगा लपतो.
आज उर्मास म्हणाला, मी जातो.

पडलेल्या बर्चमागे, ओल्या शेवाळात
गुडघे पोटाशी घेऊन झोपला,
पन्नाशीचा, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूस.
मी म्हटलं, शोध.

दीड मिनिट.
मग भुंकणं, भुंकणं, शेपटीनं
सगळी फांदी हलवणं.
मी चेंडू फेकला. पोंतू धावला.
उर्मास उठला नाही.
कानाशी अजून कुत्र्याची वाफ,
आणि तो पडूनच म्हणाला,
कुणी शोधून काढलं की असं वाटतं होय.

दहाला वारा फिरला.
बरणीचं झाकण मी पुन्हा आवळलं
आणि पुढचा चौकोन उघडला.