तीन रात्री

कसावाची मुळं ओढ्याच्या अडवलेल्या पाण्यात
तीन रात्री बुडवून ठेवायची.
पहिल्या रात्री ती नुसतीच भिजतात.
दुसऱ्या रात्री फुगतात, आंबूस वास सुटतो.
तिसरी सरली की बोट दाबताच आत जातं
आणि त्यांच्यातलं कडू पाणी
ओढ्याबरोबर खाली निघून जातं, कुणाचंही नाव न घेता.

आईनं हे कधी शब्दांत सांगितलं नाही.
ती बोटं दुमडायची. एक. दोन. तीन.
मी बघायचे.

त्या वर्षी क्वांगोच्या पठारावर
आभाळ नुसतंच वर होतं.
भुईमूग हातभर वाढण्याआधी करपला.
झाडावरच्या अळ्या, ज्या आम्ही मीठ लावून वाळवायचो,
आल्याच नाहीत.
मासा होता, पण बाजारात, आणि माश्यांच्या मालकीचा.
जमिनीखाली कसावा तेवढा टिकून होता,
तहानेनं आणखी कडू झालेला.

शहराचा ट्रक गुरुवारी यायचा.
पापा म्बुंगु पीठ बोटांत चोळून बघायचा,
उन्हात धरायचा. चाखत नसे.
पांढरं ते पांढरं.

ट्रकला घाई, पोटाला त्याहून घाई.
रात्र थोडी आणि तोंडं फार.
आईनं एक बोट दुमडायचं सोडलं.
पुढच्या पंधरवड्यात दुसरं.

माझ्या धाकटीचं नाव माफुता.
आमच्या बोलीत तेल, चरबी.
सात वर्षांची, काटकीएवढी.
लुकूचा गोळा हातात धरून म्हणाली, डोकं गरगरतंय.
आई म्हणाली, भुकेनं.
गोळा संपला. अजून गरगरतंय, म्हणाली.
आईनं आपल्यातला अर्धा तिला दिला.

मंगळवारी पहाटे ती ओढ्यावर जायला उठली
आणि उठता येईना.
ताप नव्हता, सूज नव्हती, सापाचे दात नव्हते.
दोन्ही गुडघे एकमेकांना लागलेले,
टाचा हवेत,
जणू रात्री कुणी येऊन दोर आवळून गेलं.
कोन्झो, म्हातारे म्हणाले. बांधलेले पाय.
मग बांधणारा शोधायला हवा.
बाबांच्या बहिणीचं नाव निघालं.
आत्या तिची दोन भांडी घेऊन गेली
ती गेलीच.

दवाखान्यात सिस्टर मापासानं वही उघडली.
किती रात्री भिजवला होता?
तीन, आई म्हणाली.
सिस्टरनं मान वर केली, पण लिहिलं तीनच.
मी आईच्या हातांकडे पाहिलं.
मुठी.

मूठभर घेवडा, माशाचा तुकडा मिळाला असता,
सिस्टर सांगत होती,
तर अंगानंच ते कडू बाहेर टाकलं असतं.
आई ऐकत राहिली,
न पाहिलेल्या समुद्राचं कुणी वर्णन करावं तशी.

आता मी किन्शासात. पीठ विकत घेते.
किती रात्रींचं? विचारते.
विकणारी हसते, पांढरं नाही का?
मी घरी आणून ते ओलं करते,
थाळ्यात बोटाच्या पेराएवढं पातळ पसरते,
सावलीत पाच तास ठेवते.
हेही सिस्टरनंच शिकवलं,
फार नंतर.
जाताना थाळ्यातलं कडू वाऱ्यावर जातं म्हणे.
दिसत नाही.

मुलगा विचारतो, झालं का?
थांब, म्हणते.
हा शब्द आमच्या घरी तेव्हा परवडत नव्हता.

रविवारी माफुताचा फोन येतो.
एकोणीस वर्षांची झाली, काठीवर चालते, चवड्यांवर.
काय करतेस?
बसलेय, मी म्हणते.
मी पण, ती म्हणते, आणि हसते,
आणि मागे ओढ्याचा आवाज येतो.