व्यवसाय : निरंक

मिरजेत आलोय चार आठवड्यांसाठी.
लग्नाचा दाखला नव्यानं काढायचाय;
जुन्यावर मेहजबीनची दुसरी वेलांटी पहिली झालीय
आणि तिकडच्या कचेरीला शंका आहे
की ही ती नव्हे.
ती ती नसेल, तर मीही तिथला कुणी नाही.

"व्यवसाय?" चौगुले मॅडम मान वर न करता विचारतात.
मी हात काउंटरखाली घेतो.
उजव्या अंगठ्याला कानशीचा घट्टा आहे,
तीन वर्षं झाली, मऊ पडत चाललाय.

तिकडच्या कार्डावर फोटो माझा,
खाली नाव तिच्या हॉस्पिटलचं,
आणि एक ओळ :
सोबत राहण्यास परवानगी. काम करण्यास नाही.
"मग सोबत राहा की, तेवढं तरी नीट जमव,"
पहिल्या हिवाळ्यात मेहजबीन हसून म्हणाली होती.
दुसऱ्या हिवाळ्यात तो विनोद
आम्ही दोघांनीही काढला नाही.

ती रात्रपाळीला निघते.
म्हाताऱ्यांच्या वॉर्डात तिला सगळे नावानं ओळखतात.
मी डबा भरून देतो, बस वळेपर्यंत खिडकीत थांबतो,
मग मसाल्याचे डबे पुसतो.
कालच पुसलेले.

वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी एकदा सतार आणली,
चाळीस वर्षांपूर्वी बनारसला घेतलेली,
आवाज घसा बसल्यासारखा.
मी नको म्हणायला हवं होतं.
पण घोडीवर तारांनी पाडलेल्या खाचा दिसल्या
आणि जीभ उचललीच नाही.
तीन संध्याकाळी कानस धरली :
केसाएवढं घासायचं, तार चढवायची, ऐकायचं,
पुन्हा उतरवायची.
चौथ्या दिवशी जवारी खुलली.
खर्जाची तार अशी बोलली
की शेजाऱ्यांनी भिंत ठोकली.

त्यांनी पाकीट पुढं केलं.
विंचू दिसावा तसा मी मागं सरलो.
दुसऱ्या दिवशी दाराच्या कडीला सफरचंदांची पिशवी.
ही मजुरी धरायची का?
मेहजबीननं मोजली. अकरा.
दहा खाल्ली.
एक फळीवर ठेवलं,
कुणी चौकशीला आलं तर दाखवायला,
की हे बघा, परत करणारच होतो.
ते सुरकुतलं, तरी कुणी आलं नाही.

इथं घरी पत्र्याच्या पेटीत पणजोबांची सनद आहे.
मोडी आता कुणालाच येत नाही,
अब्बा पाठ म्हणतात :
इस्माईल शिकलगार, संस्थानचे आश्रित,
यांनी दरबारचे तंबोरे लावून ठेवावेत,
सालिना चार मण जोंधळा.
माझ्या कार्डावरचा शब्द
तिकडच्या दुभाष्यानं मराठीत सांगितला,
तोही आश्रित.
पणजोबांनी काम थांबवलं असतं
तर जोंधळा थांबला असता.
मी सुरू केलं तर.

"बोला ना, मागं लाइन आहे."
"काही नाही," मी म्हणतो.
मॅडम सुबक अक्षरात लिहितात : निरंक.
यातली वेलांटी मात्र अचूक.

सतारमेकर गल्लीत ऊन उतरलंय.
कट्ट्यावर भोपळे वाळतायत,
पोटात काटक्यांचा ताण घेऊन.
अब्बा अर्धी झालेली घोडी पुढ्यात सरकवतात,
"तू बघ. माझी नजर आता धरत नाही."
मी मांडी घालून बसतो.
कानस कुठल्या खणात, ते विचारावं लागत नाही.
पण ती उचलण्याआधी
हात आपोआप मागं जातो
आणि दार
लोटून घेतो.