अस्तर

अल ऐनच्या कत्तलखान्यातून सकाळी
बर्फात येते बोकडाची श्वासनळी.
मी तिच्या कड्या कापते,
जोडव्याएवढ्या.
एक तशीच ठेवते.
दुसरीचं आतलं अस्तर
कापसाच्या बोळ्याने पुसून काढते.

दोघींना कोमट मिठाच्या पाण्यात टांगून
औषधाचा एकेक थेंब, सारखाच.
पहिली जराशी आवळते, थांबते.
दुसरी आवळतच जाते,
कागदावरची रेघ चढते
नि उतरायचं नाव घेत नाही.
स्नायू तोच. फक्त शेजारी
'पुरे आता' म्हणणारं कुणी उरलेलं नाही.

शुक्रवारी सनायातून धाकटे दीर येतात, हणमंतभावोजी.
सात वर्षं फरशा कापताहेत.
दोन जिने चढून दारातच थांबतात,
एक हात चौकटीवर, छातीत शीळ.
भुवयांवर अजून संगमरवराचं पीठ.
म्हणतात, धूळ काय वहिनी, सगळ्यांच्याच नाकात जाते.

मला ती रेघ दिसते.
कुणीतरी आतून रोज थोडं थोडं
पुसत आणलेलं दिसतं.
पण पानं वाढलेली असतात,
मी एवढंच म्हणते, 'दम खा जरा.'

हसतात. हसता हसता खोकतात.
'आता तोच खातोय मला.'

आमटीवर साय धरते.