चार हजारच्या पुढे

दर शुक्रवारी नॉर्वेतून काहीतरी नवीन येतं.
या खेपेला तिघांचं : ट्रम्पेट, ड्रम्स
आणि एक फिडल, तिकडच्या खेड्यांतल्या लग्नांत वाजतं तसलं.
अल्बमचं नाव मला उच्चारता येत नाही.
अर्थ शोधला : रस्त्यावर मीठ टाकण्याआधी.
बर्फ पडणार असला की मीठ टाकतात म्हणे.
आमच्या मिरजेत धूळ, आणि धुळीवर टँकरचं पाणी.

माझी खोली मिशन हॉस्पिटलच्या मागच्या बोळात,
आठ बाय सहा, भिंतींना फोम, दाराला डबल काच.
लोक हेडफोन घालून बसतात,
बीप ऐकू आली की बोट वर करतात.
बाहेर रिक्षांची भांडणं, आत कुणाचं तरी बोट
वर जावं की नाही या विचारात अडकलेलं.
दोन पेशंटांच्या मध्ये मी तिथंच नवे अल्बम ऐकते.
एवढी शांतता गावात दुसरीकडे कुठे
भाड्यानं मिळायची?

जुम्म्याची नमाज आटपून मुनाफचाचा आले.
वय त्र्याहत्तर, त्यातली पंचावन्न जवारी काढण्यात गेली.
तंबोऱ्याच्या घोडीवर कानस, मग सूत सरकवायचं, ऐकायचं,
पुन्हा कानस, अर्धा केस.
त्यांचा आलेख काढला.
चार हजारपर्यंत ठीक,
पुढे रेघ विहिरीत पडल्यासारखी.
तारेभोवती जे मधमाश्यांचं मोहोळ असतं
ते सगळं त्या विहिरीत.

मग आता काढता कशी, विचारलं.
"दातानं," म्हणाले.
"दांडी दातात धरायची.
गिऱ्हाईक समोर नसताना."
आणि हसले. अंगठ्याला कानशीचं काळं तसंच.

मशीन लावू म्हटलं. त्यांनी किंमत विचारली नाही,
उठायच्या बेतात होते.
मला काय वाटलं कोण जाणे,
कानामागच्या हाडावर लावतात ते बटण लावलं,
फोनची वायर जोडली
आणि बीपच्या जागी बेर्गन सोडलं.

आधी ट्रम्पेट. म्हणजे सूर नाहीच,
बशीतल्या चहावर फुंकर मारावी तेवढी हवा.
ड्रमवाला मारत नव्हता, चामड्यावरून हात फिरवत होता,
आजारी म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा.
चार मिनिटं असंच.
मी त्यांच्या तोंडाकडे बघत. आता म्हणतील,
म्याडम, सुरू कधी व्हायचं?

"लावायलेत अजून," म्हणाले.
मग बऱ्याच वेळानं,
"बरं हाय. पोरांना घाई न्हाई."

मग फिडल.
आणि चाचांचं बोट वर गेलं.
"खाली तरफा हायत."
नाही हो चाचा, व्हायोलिनच ते, जरा वेगळं.
"वरच्या वाजवायलाय त्यो. खालच्यांना कोण हात लावंना,
त्या आपल्या आपण बोलायल्यात."
जाताना विचारलं, "गाव कसलं हाय?"
पावसाचं, म्हटलं. सारखा पाऊस.
"मग तारा गंजत असतील," एवढं बोलून
चप्पल शोधू लागले.

ते गेल्यावर फोटो सापडला.
शिंपल्याची नक्षी, टोकाला कोरलेलं सिंहाचं की कसलं डोकं,
आणि वरच्या चार तारांच्या पोटाखाली
पाच.

मी या लोकांना सात वर्षं ऐकतेय,
पहिल्या अल्बमपासून,
फोमच्या खोलीत,
माझा आलेख तर सरळ आहे, कॉलेजात भिंतीवर लावला होता
नमुना म्हणून.

मशीन न्यायला चाचा अजून आलेले नाहीत.
पुढच्या शुक्रवारी एका बाईचा नुसता डबल बास यायचाय,
चर्चमध्ये रात्री एकटीनं वाजवलेला.
काल घरी कुणी नव्हतं.
फोन दातांत धरला.
थंड लागला आधी.