छत्तिसावा आठवडा

आमच्या गावात माणसं मरतात फक्त.
जन्मायला त्यांना दोन हजार किलोमीटर
दक्षिणेला जावं लागतं.

मी आरोग्य केंद्रात विमानाची तिकिटं काढते.
छत्तिसावा आठवडा लागला की फाईल माझ्या टेबलावर येते.
नाव, वजन, रक्तदाब,
सोबत कोण?
हा रकाना वर्षानुवर्षं कोराच जायचा.
आता एकाला परवानगी आहे. एकालाच.
मग नवरा की आई,
आणि घरातल्या धाकट्यांना जेवायला कोण घालणार,
हे सगळं माझ्या टेबलासमोर उभ्याउभ्या ठरतं.

सिआसी चौथ्या खेपेला आली ती सही न करताच बसून राहिली.
म्हणाली, तिथं एका खोलीत चार बायका,
चार पोटं, एक टीव्ही.
कॅरिबूचं मांस मागितलं,
आहाराच्या बाईंनी नीट लिहून घेतलं,
आणि उकडलेली कोंबडीच आली.
पाच आठवडे खिडकीतून झाडं बघायची.
झाडांमागे आभाळ दिसत नाही गं,
वारा कुठून येतोय कळत नाही.
डॉक्टर भला होता, हात ऊबदार होते त्याचे.
पण मी ओरडले आपल्या भाषेत
आणि त्याने बघितलं मशीनकडे.

मी विमानाच्या विरुद्ध नाही.
पियुयुकचं रक्त थांबत नव्हतं त्या रात्री
धावपट्टीचे दिवे बघायला स्नोमोबाईलवरून मीच गेले होते.
विमान आलं.
पियुयुक आज दुकानात गल्ल्यावर बसते
आणि सुटे पैसे कधीच नीट परत देत नाही.
माझ्या आईच्या वेळी विमान नव्हतं.
उशाशी उलायू होती फक्त,
तिचे दोन हात, आणि चरबीचा दिवा.
तेव्हा जुनं ते सोनं
असं मला कुणी सांगू नये.

उलायू अजून आहे.
अडतीस मुलं झेलली तिने,
तंबूत, बर्फाच्या घरात, एक तर चक्क बोटीत.
मग सरकारी पत्र आलं
आणि तिचे हात एका दिवसात बेकायदा झाले.
आता ती सीलच्या कातड्याचे बूट शिवते.
टाके बघावेत.
पाणी आत शिरत नाही.

सिआसीने सही करायला दोन आठवडे लावले,
वादळाने पुढचे चार दिवस.
चौथ्या रात्री कळा.
नर्स तेवीस वर्षांची, गावात येऊन महिना झालेला,
फोन कानाशी, पलीकडे डॉक्टर, मध्येच खरखर.
मी उलायूला आणायला गेले.
नियमात बसत नव्हतं,
पण नियमही वादळात अडकला होता
दक्षिणेला कुठल्यातरी विमानतळावर.

आत आल्यावर तिने माझ्याकडे बघितलं नाही.
सिआसीला गुडघ्यांवर बसवलं, मागून कवेत घेतलं.
नर्स ठोके मोजत राहिली, सुई भरून ठेवली.
मला बोलावलं होतं दुभाषी म्हणून.
फारसं काही सांगावंच लागलं नाही.
वार पडली तेव्हा दोघींनी मिळून ती उजेडात धरून तपासली,
तरुण हात, म्हातारे हात,
एकच रक्त दोन्हींवर.

मुलगी.
उलायू म्हणाली, हिचं नाव आलासुआ.
माझ्या आईचं नाव.
आमच्यात नाव दिलं की माणूस परत येतं,
म्हणजे आता मी त्या तीन किलोच्या जिवाला
आई म्हणायचं.

सकाळी वारा पडला. मी दोन कागद भरले.
पहिला, मागणीचा. रक्त साठवायचा फ्रीज एक,
सुईणीचा पगार, विमान लागेल तेव्हा लागेलच.
हे की ते, असं मला विचारू नका, असं लिहिलं होतं,
मग ते खोडलं, मग पुन्हा लिहिलं.

दुसरा, जन्माचा.
जन्मस्थळाच्या यादीत आमचं गाव नव्हतंच.
मी ‘इतर’ निवडलं,
एकेक अक्षर टाईप केलं.
खाली लाल रेघ उमटली.
राहू दिली.